‘पाऊसच नाही, तर साठवायचं काय?’ या मेसेजला उत्तर

मृग जवळ आला की आमच्या धुळ्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: खान्देशात पाऊस कमी, त्यामुळे गच्चीचं पाणी साठवणं म्हणजे पैसे पाण्यात. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही. मोरीच्या पाण्यानं झाडं जळतात. हे सगळं शहरी फॅड आहे.

आधी पावसाचं बघू. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. गच्ची १००० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. वर्षाला ५०० मिलिमीटरच पाऊस धरा आणि पाचवा हिस्सा वाया गेला समजा, तरी ३७ हजार लिटर उरतं. १० मिलिमीटरच्या एका सरीत सातशेवर लिटर, म्हणजे २०० लिटरचे तीन ड्रम भरून वाहतात. आमच्याकडे पाऊस कमी आहे हे खरंच आहे. पण म्हणूनच तो गटारीत सोडणं परवडत नाही. पहिल्या पावसाचं पाणी मात्र सोडून द्या. त्यात गच्चीची धूळ आणि पाखरांची घाण असते. ड्रमच्या तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल.

ड्रम भरल्यावर उरलेलं पाणी जमिनीत घालायचं. काळी माती पाणी हळू पिते, इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. म्हणून शोषखड्डा काळी संपून मुरूम लागेपर्यंत खणायचा, आणि घराच्या पायापासून चांगला लांब. काळी माती ओली झाली की फुगते आणि भिंतींना तडे जातात.

फॅड म्हणणाऱ्यांनी आपल्या पांझरा नदीकाठची फड पद्धत आठवावी. नदीला बंधारा घालून, पाटानं पाणी आणून ते वाटून घ्यायची रीत आपल्याच जुन्या माणसांची आहे.

राहिलं मोरीचं पाणी, आणि माझ्या मते खरी गरज इथेच आहे. गच्चीचं पाणी चार महिन्यांचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऊन पंचेचाळीसला टेकतं तेव्हा ड्रम कोरडे असतात, पण आंघोळ रोजच होते. चार माणसांच्या घरात बादलीनं आंघोळ केली तरी ऐंशी लिटर पाणी निघतं. त्यावर केळ, अळू, कर्दळ, कढीपत्ता जगतात. झाडं जळतात ती बहुधा धुण्याच्या पावडरीच्या पहिल्या पाण्यानं. त्यातला सोडियम काळ्या मातीत साचला की ती ओली असताना चिकट आणि सुकल्यावर दगडासारखी होते. ते पाणी गटारीतच जाऊ द्या. शेवटच्या खळबळण्याचं पाणी चालतं. जागा आलटून पालटून द्या, मधूनमधून साधं पाणी आणि शेणखतही द्या.

हे पाणी साठवून ठेवू नका, दिवसभरात वास सुटतो. पानांवर न ओतता बुंध्याशी, पालापाचोळ्याखाली सोडा. कोथिंबीर, मेथी, मुळा, कांद्याची पात यांना ते अजिबात घालू नका. त्यांच्यासाठी ड्रममधलं पावसाचं पाणी राखून ठेवा.