साब ९००० ला ‘फियाटची बहीण’ म्हणून मोडीत काढू नका

तुमच्या लेखात स्वीडनच्या साब कंपनीची ९००० ही गाडी म्हणजे इटलीच्या फियाटची ‘नाव बदललेली फियाट क्रोमा’ असं म्हटलंय. हे मला अजिबात पटलं नाही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस साब, फियाट आणि तिचीच लान्सिया यांनी मोठ्या गाडीचा पाया (प्लॅटफॉर्म) एकत्र विकसित करायचं ठरवलं, कारण साबसारख्या छोट्या कंपनीला तो खर्च एकटीने झेपणारा नव्हता. अल्फा रोमिओ नंतर आली आणि त्याच पायावर तिची १६४ ही गाडी निघाली. इथपर्यंत लेख बरोबर आहे. पण पुढे ट्रोलहेट्टानच्या, म्हणजे साबच्या गावच्या, अभियंत्यांनी काय केलं, ते लेखात आलंच नाही! बाजूने बसणाऱ्या धडकेचा विचार करून त्यांनी दरवाजे मजबूत केले, पुढचा भागही वेगळा बांधला. इटालियन डिझायनर जुजारोच्या मूळ आराखड्यावर साबचा डिझायनर ब्यॉर्न एन्वालने हात फिरवला. आणि इंजिन तर पूर्णपणे साबचं, दोन लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं टर्बो. साबच्या आधीच्या ९९ आणि ९०० मध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने उभं असायचं, खाली गिअरबॉक्स. इथे ते रुंदीच्या दिशेने आडवं बसवलं. आतली प्रशस्त जागा त्यातूनच मिळाली. अमेरिकेत सरकारी वर्गीकरणात ही गाडी थेट ‘मोठ्या’ गटात गेली, बाहेरून तशी वाटत नसताना.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या टॅलाडेगाच्या रेसिंग ट्रॅकवर तीन ९००० टर्बो रात्रंदिवस पळवल्या. सर्वात वेगवान गाडीने १ लाख किलोमीटर ताशी सरासरी २१३ किलोमीटरच्या वेगाने कापले. १९८४ ची ही गाडी १९९८ पर्यंत बनत राहिली. पुढच्या भागात टॅलाडेगाच्या या चाचणीबद्दल सविस्तर लिहा, ही विनंती.