सेनेगांबिया भाषेमुळे फुटला म्हणे! आधी जकात बघा

‘१९८२ मध्ये सेनेगल आणि गांबिया विलीन होऊन सेनेगांबिया हा एक देश झाला, आफ्रिकेतला पहिलाच प्रयोग. एक सैन्य, एक चलन. पण इकडे फ्रेंच, तिकडे इंग्रजी. भाषेवरून भांडणं पेटली आणि ७ वर्षांत देश फुटला. आता भारताचा विचार करा!’ हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. आता आत्यानेही तो ‘अभ्यासपूर्ण’ म्हणून पाठवल्यावर गप्प बसणं अवघड झालं.

एक देश? झालाच नव्हता. १७ डिसेंबर १९८१ चा करार काढून वाचा. दोन्ही राज्यं आपलं स्वातंत्र्य आणि सार्वभौमत्व राखतील, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. हा महासंघ होता. अध्यक्ष सेनेगलचा, उपाध्यक्ष गांबियाचा. ६० जणांच्या सभेत ४० सेनेगलचे, २० गांबियाचे. संयुक्त राष्ट्रांतल्या खुर्च्याही दोनच राहिल्या.

एक चलन? सेनेगलमध्ये सीएफए फ्रँक, गांबियात दलासी. शेवटपर्यंत.

सैन्याचं अर्धं खरं आहे, संयुक्त दल उभं राहिलं होतं. जुलै १९८१ मध्ये गांबियाचे अध्यक्ष दाउदा जावारा लंडनला चार्ल्स-डायनाच्या लग्नाला गेले असताना मागे बंड झालं. ते सेनेगलच्या फौजांनी मोडलं, आणि महासंघ जन्मला तो या धसक्यातून.

आता भाषा. हा भाग नुसता चुकीचा नाही, खोडसाळ आहे. गांबिया म्हणजे नदीकाठची चिंचोळी पट्टी. तिन्ही बाजूंनी सेनेगल. वोलोफ, मंडिंका, फुला, जोला या भाषा सीमेच्या दोन्हीकडे बोलतात. बाजारात कोण कुणाशी फ्रेंच-इंग्रजीवरून भांडणार? हां, कचेऱ्या आणि कोर्टं वेगळ्या वळणाची होती, गांबियात ब्रिटिश कायदा, सेनेगलमध्ये फ्रेंच. त्याने कामं रखडली, एवढं मान्य.

गाडं अडलं ते जकातीवर. स्वतःचे कारखाने जपायला सेनेगलने आयात कर चढे ठेवले होते, गांबियाचे कमी. मग माल गांबियाच्या बांजुल बंदरात स्वस्तात उतरायचा आणि चोरवाटांनी सेनेगलमध्ये विकला जायचा. त्या बदल्यात गांबियाच्या व्यापाऱ्यांच्या हाती सीएफए फ्रँक पडायचे. गांबिया सरकारच्या तिजोरीचा मोठा आधारही आयात करच. दोन्हीकडे एकच दर लावायचा तर हा धंदा बसणार आणि तिजोरीला भोक पडणार. करारात लिहिलेला आर्थिक संघ गांबिया वर्षानुवर्षं टाळत राहिला तो यामुळे. उलट सेनेगलला तोच हवा होता.

१९८९ मध्ये सेनेगलचं मॉरिटानियाशी जुंपलं. इकडे जावारांनी महासंघाचं अध्यक्षपद आळीपाळीने मागितलं. ऑगस्टमध्ये सेनेगलने गांबियातली फौज काढून घेतली, आणि ३० सप्टेंबरला महासंघ गुंडाळला गेला.

‘आफ्रिकेतला पहिलाच प्रयोग’ हेही खोटं. याच सेनेगलने फ्रेंच सुदानबरोबर (म्हणजे आजचा माली) केलेला माली महासंघ १९६० मध्येच मोडला होता, आणि तिथे तर दोघांची सरकारी भाषा एकच होती: फ्रेंच.