जत्रेच्या नाटकाची ड्रेपरी भिजत घालू नका

नाट्यमंडळांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज आता माझ्या आत्यापर्यंत पोचला. वाड्यावरच्या जत्रेच्या नाटकाची ड्रेपरी, म्हणजे पोशाख, तीच सांभाळते, म्हणून लिहितोय. मेसेज म्हणतो: सिनेमा-मालिकांत तेच ऐतिहासिक पोशाख फिरवणं ही फसवणूक, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तोच झगा दिसला की चोरी, आणि वापरलेल्या पोशाखांतून रोग पसरतात, म्हणून ते गरम पाण्यात सोडा-साबण घालून रात्रभर भिजवावेत नि कडक उन्हात वाळवावेत.

आधी शेवटचं, कारण खरं नुकसान तिथे आहे. सोड्याने रेशमाचा धागा कमजोर होतो, चमक जाते. लाल अस्तराचा रंग पांढऱ्या अंगरख्यावर उतरतो. मखमलीची लव बसते ती बसतेच. उन्हात रंग उडतो आणि रेशीम घडीवर चिरतं. घामाची काळजी रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. आत सुती बंडी घाला, ती प्रत्येक प्रयोगानंतर धुवा. काखेत सुती कापडाची सुटी घडी टाचा. प्रयोग संपला की पोशाख उलटा करून पंख्याखाली टांगा. वास राहिलाच तर पाणी घातलेली व्होडका अस्तरावर फवारा, पण आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून रंग सुटतो का ते बघा. जरीवर अजिबात नको. आपल्याकडच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. धुऊन खळ काढलेल्या मलमलीत गुंडाळा, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, अधूनमधून घडी मोडा.

फसवणूक म्हणे! लंडनची कॉसप्रॉप कंपनी जॉन ब्राइट यांनी 1965 साली सुरू केली. ऐतिहासिक पोशाख शिवायचे आणि भाड्याने द्यायचे, हाच तिचा धंदा. याच ब्राइटना 1987 साली जेनी बीवन यांच्यासोबत वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. असा पोशाख पुन्हा वापरायचा म्हणूनच शिवतात: शिवणीत दीड-दोन इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, हुकांच्या दोन रांगा, काठ नि कॉलर हाताने टाचलेले. काठ उसवून दुसरा लावला की सरदाराचा तोच अंगरखा कारकुनाचा होतो.

मुखपृष्ठांचं तर साधं आहे. फोटोग्राफर पोशाख भाड्याने आणतो, प्रकाशक फोटोचा परवाना घेतो. तो परवाना एकट्यापुरता नसेल तर तोच फोटो दुसऱ्या पुस्तकावरही येतो. यात चोरी कुठली?

एक मात्र मानावं लागेल. शिवकालीन मावळ्याच्या डोक्यावर पेशवाई पगडी दिसते ती हाताला लागेल ते उचलल्यामुळे. म्हणून पोशाख भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे नुसता ‘राजाचा ड्रेस’ मागू नका. कोणता राजा, कोणतं शतक, दरबार की लढाई, ते सांगा आणि पगडी स्वतः बघून घ्या.