छप्पर कुणाच्या नावावर आहे?

गेल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तो विषय निघाला. "आपली स्वतःची वास्तू हवी." दर दोन वर्षांनी निघतो. भराभर अंगठे आले, हात जोडलेले आले, दोन-तीन भगवे झेंडे आले. मग कुणीतरी लिहिलं, "त्या मेक्सिकन लोकांची बघा, ठिकठिकाणी सांस्कृतिक केंद्रं. सरकार पैसे देतं ना त्यांना."

तिथे माझी सटकली. ग्रुपवर भांडायचं नाही असं मी नवऱ्याला वचन दिलंय, म्हणून इथे लिहितेय. लांब आहे. चहा घेऊन बसा.

मी लॉस एंजेलिसजवळ राहते. तीन वर्षं आमच्या मंडळाची खजिनदार होते. त्यामुळे कुठल्याही कार्यक्रमाला गेले की लोक स्टेजकडे बघतात आणि मी छताकडे बघते. गळतंय का? भाडं किती असेल? विमा कोण भरतं? ही खोड आता जायची नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात मुलीला घेऊन मी लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स भागात गेले होते, सेल्फ हेल्प ग्राफिक्स अँड आर्ट नावाच्या संस्थेत. नाव ऐकून नेटाने नोकरी शोधायला शिकवणारा क्लास वाटतो, पण ही लॅटिनो चित्रकारांची छापशाळा आहे. मेक्सिकन लोकांचा मृतांचा दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो आणि त्याआधी काही आठवडे तिथे कार्यशाळा चालतात. कागदी फुलं, मुखवटे, छापील चित्रं, सगळं लोकांनी येऊन करायचं. आमच्या टेबलावर एक सत्तरीची बाई होती. टिश्यू पेपरच्या घड्या घालून, मधे तार पिळून, पाकळ्या एकेक करून वर ओढत ती झेंडू करत होती. माझ्या फुलाच्या पाकळ्या फाटत होत्या. तिने माझा हात धरला, "हळू, मिहा, हळू." मिहा म्हणजे पोरी. मी पन्नाशीला टेकलेली बाई, पण बरं वाटलं.

(झेंडू मूळचा त्यांचाच बरं का. मेक्सिकोतून युरोपियनांच्या जहाजांनी आपल्याकडे आला आणि दसऱ्याला दारात जाऊन बसला. मी तिला आमच्या तोरणाचा फोटो दाखवला. तिने तो चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाली, "छान. पण आमचा वास जास्त.")

पलीकडे छपाई चालली होती. स्क्रीन प्रिंटिंग. आमच्या कोल्हापुरात लग्नपत्रिका अशाच छापायचे: चौकटीत ताणलेली जाळी, त्यावर शाई, आणि रबरी पट्टी एका दमात ओढायची. दम मधे सुटला की रंगात आडवी रेघ उठते. माझ्या मुलीच्या पहिल्या तीन कागदांवर उठली. शिकवणाऱ्या मुलाने ते कागद फेकले नाहीत, चाचणीच्या गठ्ठ्यात ठेवले. "महाग असतो कागद," एवढंच म्हणाला. ते ऐकलं आणि मला हा आपलाच माणूस वाटला.

मग घरी येऊन मी वाचत बसले. या संस्थेची गोष्ट १९७० ची. त्याच वर्षी २९ ऑगस्टला पूर्व लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात चिकानो लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला होता, पोलिसांनी तो उधळला आणि रुबेन सालाझार हा पत्रकार त्या दिवशी मारला गेला. चिकानो म्हणजे अमेरिकेतच वाढलेले, स्वतःला ठणकावून तसं म्हणवणारे मेक्सिकन वंशाचे लोक. त्यांच्या चित्रांना गॅलऱ्या दारात उभं करत नव्हत्या. तेव्हा सिस्टर कॅरेन बोकालेरो या ख्रिस्ती फ्रान्सिस्कन पंथाच्या जोगिणीने (म्हणजे ननने), जी स्वतः छापचित्रं काढायची, कार्लोस बुएनो, अंतोनिओ इबान्येस आणि फ्रँक हर्नांडेझ यांच्याबरोबर एका गॅरेजमध्ये छापायला सुरुवात केली.

गॅरेज. हा शब्द लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्याकडे.

पुढच्या गोष्टी भराभर सांगते. १९७५ मध्ये त्यांनी एक गाडी केली, बॅरिओ मोबाइल आर्ट स्टुडिओ, आणि ती शाळाशाळांतून फिरवली. बॅरिओ म्हणजे मोहल्ला. मोठी जागा मिळाली ती ब्रुकलिन अव्हेन्यूवर, ज्याला आता शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांचं नाव आहे. १९८० च्या सुमाराला तिथल्या हॉलमध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या पोरांचा पंक संगीताचा अड्डा जमायचा. जोगिणीच्या छपराखाली पंक! आमच्या मंडळात मुलांनी रॅपचा विषय काढला तेव्हा केवढा गहजब झाला होता, ते आठवून मला हसू आलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र हिशेबाची आहे. ऐंशीच्या दशकात त्यांनी नामवंत आणि होतकरू चित्रकारांना बोलावून छपाईचा पद्धतशीर कार्यक्रम सुरू केला. चित्रकार येणार, संस्थेचा कसबी छापणारा त्याच्याबरोबर उभा राहणार, रंगामागून रंग चढणार आणि एका चित्राच्या ठरावीक प्रती निघणार. त्यातल्या काही चित्रकाराच्या, काही संस्थेच्या. संस्था आपल्या प्रती विकणार आणि त्यातून पुढचा कागद, पुढची शाई. म्हणजे जे करायला जन्माला आलो त्यातूनच थोडी चूल पेटते. वडापावचा स्टॉल वेगळा लावायला लागत नाही. सगळा खर्च त्यातून निघत नाही, निघणारही नाही, पण देणगीदाराच्या दारात जाताना हातात काहीतरी असतं.

एवढं सगळं करून ही संस्था दोनदा मरता मरता वाचली. आता खजिनदाराचं ऐका.

सिस्टर कॅरेन १९९७ मध्ये गेल्या. एका माणसाच्या खांद्यावर उभ्या असलेल्या संस्थेचं त्या माणसामागे काय होतं ते मराठी वाचकाला मी काय सांगू. २००५ मध्ये पैशांची चणचण इतकी झाली की दाराला एकदम कुलूप लागलं. लोक रस्त्यावर आले, आरडाओरडा केला, तेव्हा ते उघडलं. हा पहिला फटका.

दुसरा २००८ चा. ती इमारत होती चर्चच्या मालकीची. संस्था वर्षानुवर्षं नाममात्र भाड्याने तिथे होती. नाममात्र भाडं म्हणजे गोड विष. त्याची सवय लागते, आणि घरमालक आपलाच आहे म्हणून कुणी कागद मागत नाही. एक दिवस ती इमारत विकली गेली. संस्थेला कळलं तेव्हा व्यवहार होऊन गेला होता. त्या इमारतीचा दर्शनी भाग एदुआर्दो ओरोपेझा या कलाकाराने फुटक्या काचा आणि चिनीमातीचे तुकडे लावून मढवला होता. लांबून चमकायचा. भिंत विकली गेली की भिंतीवरची कलासुद्धा गेली, ती काही ट्रकमध्ये भरता येत नाही.

२०११ मध्ये ते बॉइल हाइट्सच्या फर्स्ट स्ट्रीटवर आले, जिथे पूर्वी मासळीचा कारखाना होता. समोरच मेट्रोचं स्टेशन. मेट्रो आली म्हणजे जमिनीचे भाव काय होतात ते मुंबईकरांना आणि आता पुणेकरांनाही ठाऊक आहे. पण या वेळी ते शहाणे झाले होते. २०१८ मध्ये त्यांनी ती इमारत विकत घेतली, सुमारे ३६ लाख डॉलरला. त्यात शहराचा वाटा होता, पण "सरकार पैसे देतं" म्हणणाऱ्यांनी नीट बघावं: तो पूर्ण रकमेच्या पाव हिश्श्याइतकाही नव्हता. आणि तो मिळाला तेव्हा संस्थेला पन्नाशी जवळ आली होती. पन्नास वर्षं ताटकळल्यावर मिळालेल्या वाट्याला मी तरी खैरात म्हणणार नाही.

आणि सरकारी पैशाचा भरवसा किती? टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत एस्पेरान्झा पीस अँड जस्टिस सेंटर आहे, १९८७ पासूनचं. त्यांच्या कार्यक्रमांवर काही मंडळींनी काहूर माजवलं आणि १९९७ मध्ये नगर परिषदेने त्यांचं अनुदान शून्यावर आणलं. त्या बायकांनी सरळ शहरावर खटला भरला आणि २००१ मध्ये संघराज्य न्यायालयात जिंकल्या. हे झालं जिंकल्याचं उदाहरण. गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कलानिधीने देशभरच्या कित्येक संस्थांना आधी मंजूर केलेली अनुदानं एका ईमेलवर रद्द केली. ज्यांनी कलाकारांना शब्द देऊन ठेवला होता त्यांनी काय करायचं? शब्द पाळायचा आणि खिशातून घालायचे, दुसरं काय.

मोठ्या फाउंडेशन्सचं आणखी वेगळं. त्यांना प्रकल्प आवडतात. महोत्सव आवडतो, भित्तिचित्र आवडतं, मुलांचे रंगलेले हात असलेला फोटो तर फारच. पण संडास तुंबला की प्लंबरचे पैसे, बुककीपरचा पगार, विम्याचा हप्ता, हे "प्रशासकीय खर्च" म्हणून कापायला बघतात. माझ्या मते कुठल्याही सांस्कृतिक केंद्राचा जीव नेमका त्या प्रशासकीय खर्चात असतो. मी मंडळाच्या सभेत हे बोलले होते. लोकांनी नम्रपणे ऐकलं आणि ढोल-ताशाच्या बजेटकडे वळले.

जागेचा प्रश्न वेगवेगळ्या गावांनी वेगवेगळा सोडवलाय. शिकागोत कार्लोस तोर्तोलेरो आणि त्याच्या शिक्षक मित्रांनी १९८२ मध्ये नऊशे डॉलर घेऊन सुरुवात केली. १९८७ मध्ये पिल्सन भागातल्या सार्वजनिक उद्यानात, उद्यान खात्याच्याच इमारतीत, त्यांचं संग्रहालय उघडलं. आज ते नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट आहे आणि तिथे आजही तिकीट नाही. सॅन फ्रान्सिस्कोतली गलेरिया दे ला रासा, हीसुद्धा १९७० ची, चोविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जवळजवळ अर्धं शतक भाड्याने होती. २०१८ मध्ये मालकाने भाडं दुप्पट मागितलं आणि कोपरा सुटला. पुढे परवडणाऱ्या घरांच्या एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांना जागा द्यायचं ठरलं. हा मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. वर ज्यांच्यासाठी केंद्र चालवायचं ती माणसं राहणार, खाली केंद्र. माणसंच भाड्यामुळे हुसकली गेली तर केंद्रात येणार कोण? गिरणगावाचं आपण पाहिलंच की. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, मग परळच्या दामोदर नाट्यगृहाला १०० वर्षं पूर्ण झाल्यावर, २०२३ मध्ये, पुनर्बांधणीसाठी टाळं लागलं तेव्हा भांडायला कलाकार होते, पण तिकीट काढून कामगार रंगभूमी बघणारा तो कामगार बदलापूरला नाहीतर गावी गेलेला.

"लोकांनी चालवलेलं" या शब्दाबद्दलही थोडं. ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात म्हणजे भांडणं. २०१६ च्या सुमाराला बॉइल हाइट्समध्ये बाहेरच्या गॅलऱ्यांविरुद्ध चळवळ उभी राहिली होती, कारण गॅलऱ्या आल्या की कॉफी महागते आणि मग घरभाडी. त्या चळवळीतल्या काही पोरांनी सेल्फ हेल्प ग्राफिक्सच्या दारातही निदर्शनं केली. चाळीस वर्षं मोहल्ल्यात काढलेल्या संस्थेला तुम्हीच घर फोडायला मदत करताय असं ऐकायला लागलं. मला ते सुरुवातीला अन्यायाचं वाटलं. नंतर वाटलं, ज्यांना ती जागा आपली वाटते तेच दारात येऊन ओरडतात. आमच्या मंडळाच्या दारात कुणी निदर्शनं करणार नाही. एक तर दार नाही. आणि फुकट पार्किंग असेल तर लोक येतात, नसेल तर येत नाहीत, एवढंच आमचं नातं.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये इमिग्रेशनच्या धाडी सुरू झाल्या तेव्हा त्या भागातले रस्ते दिवसाढवळ्या ओस पडल्याचं मी पाहिलं. टोपलीत कापलेली फळं विकणाऱ्या बायका दिसेनात. माझ्या कामावरच्या एकीने मुलीच्या नाचाचा कार्यक्रम सोडला, कारण आजीला घराबाहेर न्यायची भीती. अशा दिवसांत केंद्र टिकवायचं म्हणजे तिकीटविक्री नव्हे. दार उघडं ठेवायचं की बंद, कुणाला आत घ्यायचं, फोन आला तर काय सांगायचं, हे ठरवायचं. ते ठरवायला इमारत स्वतःची लागते. शाळेच्या भाड्याच्या सभागृहात ते ठरवणारा शाळेचा मॅनेजर असतो.

आता आपल्याकडे येते. लंडनच्या लोकांनी १९३२ मध्ये मंडळ काढलं आणि पुढे स्वतःचं महाराष्ट्र भवन उभं केलं, ते आजही आहे. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. पण ग्रुपवर ज्यांनी अंगठे दिले त्यांना माझा प्रश्न असा: महिन्याला वीस डॉलर, दहा वर्षं, न चुकता, कुणाचंही नाव भिंतीवर न लावता, किती जण देणार? मंगळवारी संध्याकाळी कुलूप उघडायला किती जण येणार? आणि ती जागा फक्त गणपती आणि दिवाळीपुरती की रोज तिथे काहीतरी शिकवलं जाणार, छापलं जाणार, वाजवलं जाणार? माझं मत, आधी हे तिसरं सुरू करा. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये करा. तबला, मोडी, पखवाज, बोरकरांची नाहीतर सुर्व्यांची कविता, जे जमेल ते. पाच माणसं दर आठवड्याला येतात असं पाच वर्षं चाललं तर मी स्वतः बँकेत येते कर्जाचे कागद घेऊन.

गॅरेजबद्दल म्हणाल तर आमचं मोकळं नाही. मंडळाचं गणपतीचं मखर गेली सहा वर्षं तिथेच आहे, निळ्या ताडपत्रीखाली, शेजारी समयांचा खोका आणि लेझीमची पोती. नवरा गाडी बाहेर उन्हात लावतो आणि दर ऑगस्टला विचारतो, हे कधी हलणार. काल मी मखर भिंतीला टेकवून उभं केलं, लेझीम वर टांगल्या. मधे साधारण दहा बाय बाराची जागा निघाली. शनिवारी सकाळी दहाला पाच-सहा जण बसू शकतील. सतरंजी घेऊन या, माझ्याकडे दोनच आहेत.