प्रेसमधली कॉफी कडू का झाली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

फ्रेंच प्रेसवरच्या (जाळी लावलेला दांडा दाबून कॉफी गाळायचं काचेचं भांडं) लेखाला तुम्ही रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेखात सांगितल्याप्रमाणे उकळतं पाणी ओतलं, चार मिनिटं थांबलात, दांडा दाबलात, कॉफी कडूजहर झाली, कपाच्या तळाशी गाळ राहिला आणि दूध घातल्यावर तीच पांचट लागली. उकळत्या पाण्याने कॉफी जळते, आणि साउथ इंडियन फिल्टर घरात असताना हे काचेचं भांडं म्हणजे नुसती हौस, असंही तुम्ही म्हणता.

कॉफी कडू झाली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. दोष मात्र पाण्याचा नाही. घरात होती तीच फिल्टर कॉफीची पूड वापरली, असं तुम्हीच लिहिलंय. सगळं तिथेच बिनसलं.

फिल्टरमध्ये पाणी पुडीच्या थरातून थेंब थेंब खाली उतरतं, म्हणून तिथे बारीक दळण लागतं. प्रेसमध्ये पूड सगळा वेळ पाण्यात बुडलेली असते. बारीक कणांतून कडवटपणा भराभर सुटतो, आणि ते कण जाळीतून निसटून कपात येतात. शिवाय पाकिटावर चिकोरीचं (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं) प्रमाण बघा. आपल्याकडे नियमानुसार ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळते. दूध-साखरेच्या कॉफीत ती छान लागते, पण प्रेसच्या काळ्या कॉफीत तिचाच कडवटपणा पुढे येतो. बिनचिकोरीची कॉफी घ्या आणि दुकानदाराला जाड रव्याएवढी दळून मागा. मिक्सरमध्ये दळणार असाल तर नंतर बारीक चाळणीने चाळून खालचं पीठ बाजूला काढा. ते फिल्टरला वापरता येईल.

पाण्याबद्दल बिनघोर राहा. पुण्यात ते मुळात ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि थंड काचेला व पुडीला लागताच आणखी काही अंश उतरतं. बेताच्या भाजलेल्या बियांना उकळतं पाणीच हवं, नाहीतर कॉफी आंबट आणि फिकी लागते. बिया अगदी काळ्या, तेलकट भाजलेल्या असतील तर मात्र उकळी आल्यावर मिनिटभर थांबून ओता.

आता गाळ. यासाठी मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे: दांडा दाबू नका. अर्धा लिटर पाण्याला ३० ग्रॅम पूड घ्या, आणि ती चमच्याने न मोजता वजन करून घ्या. पाणी ओतून चार मिनिटं थांबा. वर जमलेला थर चमच्याने हलकेच मोडा, तरंगणारा फेस काढून टाका आणि आणखी पाच मिनिटं भांड्याला हात लावू नका. एवढ्या वेळात कॉफी कडू होईल अशी भीती वाटेल, पण पाणी निवत असतं आणि पुडीतून अर्क उतरण्याचा वेगही मंदावलेला असतो. या पाच मिनिटांत बारीक कण तळाशी बसतात. दांडा जोरात दाबला की तेच कण ढवळून वर येतात. म्हणून जाळी फक्त पृष्ठभागाला टेकवा, हळू ओता आणि शेवटचा घोट भांड्यातच राहू द्या.

दुधाची तुमची तक्रार मला मान्य आहे. फिल्टरचं डिकॉक्शन दुधासाठीच घट्ट काढलेलं असतं. प्रेसची कॉफी त्या मानाने पुष्कळ पातळ, तिच्यात अर्धा कप दूध ओतलं की चव संपलीच. रोज सकाळी दुधाचीच कॉफी हवी असेल तर तुमचं फिल्टर सरस आहे, खुशाल तेच वापरा. प्रेस आहे ती काळ्या कॉफीसाठी. चिकमगळूर किंवा कूर्गच्या चांगल्या अरेबिका जातीच्या कॉफीची स्वतःची चव दुधाविना घेऊन बघावी असं मला फार मनापासून वाटतं. दूध लागतंच असेल तर अर्ध्या लिटरला ५० ग्रॅम पूड घ्या आणि वरून थोडंसं गरम दूध घाला.

घरात कोणाला डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितलं असेल, तर प्रेसची कॉफी रोज नको. कॅफेस्टॉल हा कॉफीच्या तेलातला घटक धातूच्या जाळीतून कपात उतरतो आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतो. कागदी फिल्टर तो बराचसा अडवतो.

आणि प्रेस बरेच दिवस वापरात असेल तर नवी पूड आणण्याआधी दांड्याची जाळी सुटी करून साबणाने धुवा. चकत्यांच्या मध्ये जुनं तेल साचून खवट होतं आणि त्याचा वास ताज्या कॉफीलाही लागतो.