सातवीला एकच प्रश्न द्या: सांगलीत ऊन असताना कृष्णा का चढते?

शाळा सुरू होऊन महिना झाला की पालकांच्या ग्रुपवर प्रकल्पांची यादी येते. विज्ञानाचा एक, भूगोलाचा एक, गणिताचा एक, मराठीचा एक. मग स्टेशनरीच्या दुकानात तयार चार्ट, थर्माकोलचा ज्वालामुखी, इंटरनेटवरून छापलेली दहा पानं. मूल कव्हरवर नाव घालतं, शिक्षक सही करतात, आकारिक मूल्यमापनाच्या रकान्यात गुण पडतात. यात शिकणं कुठेच नाही, आणि हे शिक्षकांनाही ठाऊक असतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. पहिल्या सत्रात सातवीला सगळ्या विषयांचा मिळून एकच प्रकल्प द्या, आणि त्याला विषय देऊ नका, प्रश्न द्या. 'पाणी' हा विषय झाला. 'सांगलीत पाऊस नसताना कृष्णेला पूर का येतो?' हा प्रश्न. विषयावर माहिती गोळा करता येते. प्रश्नाला मोजावं लागतं.

सांगली, मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यातल्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्टमध्ये अंगणात कपडे वाळत असतात आणि घरात चर्चा असते की सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे आकडे मुलांना पाठ असतात. त्यांचा अर्थ मात्र कुणी वर्गात उलगडून दाखवलेला नसतो.

सुरुवात पर्जन्यमापकापासून करा. दोन लिटरची सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घ्या. खांद्याच्या खाली, जिथे भिंत सरळ होते तिथे कापा. बूच काढून वरचा तुकडा उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा आणि कडेने चिकटपट्टी लावा. वाऱ्याने पडू नये म्हणून बाटली वाळू भरलेल्या बादलीत रोवा. तोंड आडवं, सपाट राहिलं पाहिजे आणि जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच हवं. त्याहून खाली असलं तर जमिनीवर आपटलेले थेंब उडून आत येतात. जागा मोकळी निवडा. जवळ झाड किंवा इमारत असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडा. सगळ्यात जास्त चुका याच ठिकाणी होतात, कारण शाळेला बाटली डोळ्यांसमोर हवी असते आणि ती व्हरांड्याच्या पागोळीखाली जाऊन बसते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बाटलीवर पट्टी चिकटवून उंची वाचणं. या बाटल्यांचा तळ खाचाखोचांचा असतो, त्यामुळे खालचे दोन-तीन सेंटिमीटर खोटे निघतात. म्हणून पाणी ओतून मोजा. प्रयोगशाळेतलं मोजपात्र नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली ५० मिलिलिटरची सिरिंज चालते. आलेलं पाणी भागिले तोंडाचं क्षेत्रफळ म्हणजे पाऊस. तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. १५७ मिलिलिटर पाणी निघालं तर २ सेंटिमीटर, म्हणजे २० मिलिमीटर पाऊस. वर्तुळाचं क्षेत्रफळ अजून शिकवलेलं नसेल तर थांबू नका. आलेखाच्या कागदावर बाटलीचं तोंड ठेवून पेन्सिल फिरवा आणि आतले चौकोन मोजू द्या. अर्ध्याहून जास्त आत असलेला चौकोन धरायचा, कमी असलेला सोडायचा. पुढे सूत्र येईल तेव्हा त्याचा अर्थ मुलांच्या हातात आधीच असेल.

नोंद रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरतात, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. सकाळची शाळा असेल तर मुलं हजरच असतात. दुपारची असेल तर जवळ राहणाऱ्या दोघांना आठवडा वाटून द्या. दोघांनी स्वतंत्र मोजायचं, मग वह्या जुळवायच्या. मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही आकडे वहीत राहतील, खोडायचे नाहीत. रविवारी कुणी आलं नाही तर त्या दिवसाच्या चौकटीत 'मोजलं नाही' लिहायचं. मुलं तिथे हटकून शून्य लिहितात, आणि मग सोमवारच्या नोंदीत दोन दिवसांचा पाऊस येऊन सरासरीचा अर्थच बिघडतो. शून्य आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सातवीत कळलं तर मूल पुढे कुठलाही तक्ता नीट वाचेल.

आता गणिताच्या शिक्षकांचं काम. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर २० बाय ६ मीटर असेल तर १० मिलिमीटर पावसात १,२०० लिटर. शेतकऱ्याच्या मुलाला चौरस मीटर सांगू नका, गुंठा सांगा. एका गुंठ्यावर तेवढ्याच पावसात साधारण १,०१० लिटर पडतं, म्हणजे २०० लिटरची पाच बॅरल. एकराला ४० पट. आणि पेपरात येणारे 'टीएमसी' आणि 'क्युसेक' तर याच वर्गाचे शब्द आहेत. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की कळतं, ११,५७४ क्युसेकने पाणी दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं. धरणातून ५० हजार क्युसेक सोडले तर दिवसाला ४.३२ टीएमसी. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. मोठ्या संख्या, दशांश, एकक बदल, सगळं इथे आहे, आणि हे गणित मुलं घरी जाऊन आजोबांना समजावतात.

भूगोलाशिवाय मात्र उत्तर सापडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, सांगलीत सहाशेच्या आतबाहेर. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरला उगम पावतात, कराडला प्रीतिसंगमावर भेटतात, आणि वारणा हरिपूरला येऊन मिळते. म्हणजे सांगलीच्या पुलाखालचं बहुतेक पाणी सांगलीत पडलेलंच नसतं. कोयना धरणाला पाणी पुरवणाऱ्या भागातल्या कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथल्या पावसाचे आकडे पावसाळ्यात रोज पेपरात येतात. ते एका रकान्यात, आपल्या बाटलीचा पाऊस दुसऱ्यात, आयर्विनची पातळी तिसऱ्यात आणि कोयनेतून सोडलेलं पाणी चौथ्यात. पाटण किंवा जावळी तालुक्यातल्या एखाद्या शाळेची सातवी जोडून घेतली तर फारच चांगलं. फक्त तिथे बाटली दिवसात दोनदा रिकामी करायला सांगा, कारण जोराच्या पावसात ती भरून वाहते.

चौथा रकाना विसरू नका. जूनअखेर, जुलैच्या सुरुवातीला नवजाला धो धो पाऊस असतो आणि सांगलीत पाणी फारसं हलत नाही, कारण कोयना धरण भरत असतं आणि पाणी तिथेच अडतं. मुलांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं, आणि ती आकडे 'दुरुस्त' करतात. इथे शिक्षकाने उत्तर सांगायची घाई करू नये. विसर्गाचा, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचा रकाना समोर ठेवावा आणि आठवडाभर वाट पाहावी.

आलेखात पावसाचे स्तंभ काढा, पातळीची रेषा. कारण पाऊस हा २४ तासांत साठलेला असतो आणि पातळी त्या क्षणाची असते. पातळी किती वाजताची, सकाळी आठची की संध्याकाळची, हेही लिहून ठेवा. डावीकडे मिलिमीटर, उजवीकडे फूट. न मोजलेल्या दिवशी रेषा तोडा, जोडू नका. वरचा पाऊस आणि खालची पातळी यात किती तासांचं किंवा दिवसांचं अंतर पडतं, ते मुलांनाच काढू द्या.

एक गोष्ट निक्षून सांगतो: पातळी वाचायला मुलांना नदीवर न्यायचं नाही. प्रशासन जाहीर करतं तो आकडा पुरेसा आहे.

मराठीच्या तासाला मुलाखती. 'पूर आला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?' या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं. 'पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं? आधी काय उचललं? जनावरं कुठे नेली?' असं विचारलं की माणूस बोलू लागतो. ऐकलं तसंच, बोलीत लिहायचं. प्रमाण भाषेतलं वृत्त त्यानंतर वेगळं. ज्या घराने पुरात माणूस गमावला आहे तिथे मुलांना पाठवू नका, आणि वर्गातलं मूल बोलायला तयार नसेल तर आग्रह करू नका.

घराच्या भिंतीवर जुन्या पुराची खूण असेल तर ती शाळेच्या भिंतीवर आणता येते. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, आणि एका टोकावरचा अंगठा काढायचा राहिला तरीही चुकतं. दोन्ही टोकं उघडी, पाणी स्थिर, मग खूण. समान पातळीचा नियम इतक्या चांगल्या रीतीने क्वचितच शिकवला जातो. इतिहासाला आयर्विन पूल आहे, १९२९ चा. तो कुणी, कुठल्या काळात, कशासाठी बांधला एवढं एक पान पुरे. इंग्रजी आणि हिंदीला या प्रकल्पात ओढूनताणून आणू नका. ज्या विषयाशिवाय प्रश्न सुटतो त्याला त्याचं काम त्याच्या तासाला करू द्या. सगळे विषय जोडलेच पाहिजेत या हट्टानेच प्रकल्पांचा चार्ट होतो.

जिल्ह्याच्या कोरड्या, दुष्काळी भागातल्या जत, आटपाडीच्या शाळांनी हा प्रश्न उचलू नये. त्यांचा प्रश्न वेगळा: शेततळ्यातलं पाणी उन्हाने किती उडतं? एक पसरट घमेलं, एक पट्टी आणि रोजची नोंद एवढ्यावर तो सुरू होतो.

वेळ रोज पाच मिनिटं आणि आठवड्यातून सलग दोन तासिका. गुण देताना प्रत्येक शिक्षकाने आपल्याच भागाचे द्यावेत. गणिताने आलेखाचे, मराठीने मुलाखतीचे. पेन्सिलची, डाग पडलेली मूळ वही तपासा. ती 'फेअर' करायला लावलीत की न जुळणारे आकडे गायब होतात. शेवटी गावकऱ्यांसमोर मांडायचं असेल तर कुणीही लिहिलेलं वाचून दाखवू नये. आलेख भिंतीवर लावा आणि लोकांना प्रश्न विचारू द्या.

सत्र संपलं की वही पुढच्या सातवीसाठी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. पर्जन्यमापकाची जागा पुढच्या वर्षी तीच ठेवा, आणि बाटली बदलली तर नव्या तोंडाचं क्षेत्रफळ तारखेसह पहिल्या पानावर लिहा.