‘वॉट-अवरला वॉटने भागा’ या गणितात काय सुटतं

भारनियमनाच्या दिवसांत पॉवर स्टेशनबद्दल, म्हणजे सॉकेट असलेल्या मोठ्या बॅटरीच्या खोक्याबद्दल, एक मेसेज हमखास फिरतो: ‘५०० वॉट-अवरचं पॉवर स्टेशन घ्या. ५०० ला उपकरणाच्या वॉटने भागा, तेवढे तास ते चालणार. राउटर ५० तास, फ्रिज ५ तास, मिक्सर एक तास.’ यातला एकही आकडा भरवशाचा नाही.

राउटर घ्या. तो १० वॉट खातो, पण २३० व्होल्टचं आउटपुट चालू ठेवायला स्टेशनमधला इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचं एसी करणारा भाग) स्वतःच आणखी साधारण १० वॉट खातो. म्हणून ५० ऐवजी २२-२४ तासच मिळतात. तोच राउटर १२ व्होल्टच्या डीसी पोर्टवर लावला तर चाळीसच्या आसपास जातो. मात्र राउटर १२ व्होल्टचाच आहे आणि पिनेची धन-ऋण बाजू जुळते, हे आधी पाहून घ्या.

मिक्सरचा तास कुणालाच नको असतो. ७५० वॉटच्या मिक्सरवर तीन मिनिटं चटणी वाटायला ४० वॉट-अवरच्या आसपास लागतात. अडचण वेगळीच आहे: या आकाराच्या बहुतेक स्टेशनांचं सलग आउटपुट ५०० वॉटच्या आसपास असतं, त्यामुळे भांडं भरलेलं असताना ओव्हरलोड होऊन ते बंद पडतं. बॅटरी भरलेली असते, तरी चटणी होत नाही. मायक्रोवेव्हची गोष्ट तशीच. खोक्यावरचे ८०० वॉट अन्नाला मिळणारे असतात, सॉकेटमधून तो १,२०० च्या पुढे ओढतो.

फ्रिजचा हिशेब तर उलट्या बाजूने चुकलाय. कॉम्प्रेसर सतत चालत नाही, म्हणून ५०० ला फ्रिजच्या १०० वॉटने भागायचंच नाही. स्टार लेबलवरचे वार्षिक युनिट पाहा. १८० युनिट असतील तर दिवसाला सुमारे ४९० वॉट-अवर, म्हणजे सरासरी वीस वॉट. दार कमी उघडलं तर फ्रिज ५ नव्हे, १२ ते १५ तास निघतो. अट एवढीच की तो सुरू व्हायला हवा. जुन्या, वेग बदलता न येणाऱ्या (इन्व्हर्टर नसलेल्या) कॉम्प्रेसरला सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज लागते. आणि स्टेशनचा ईको मोड, म्हणजे वीज वाचवायची सोय, बंद ठेवा! कॉम्प्रेसर थांबला की लोड नाही असं समजून स्टेशन एसी आउटपुट तोडतं, मग फ्रिज पुन्हा सुरूच होत नाही.

स्टेशनच्या जाहिरातीत ‘दीड लाख एमएएच’ (मिलीअँपिअर-अवर) वाचून भुलू नका. हा आकडा बहुधा ३.७ व्होल्टच्या सेलवर धरलेला असतो, म्हणजे ५५५ वॉट-अवर.

चार तासांची वीज जाते असं धरू. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे मिळून ६० वॉट, दिवे २०, राउटर १०, फ्रिज सरासरी २५. एकूण ११५ वॉट, चार तासांचे ४६०. डीसीचं एसी करताना काही वीज वाया जाते, म्हणून त्याला ०.८५ ने भागून ५४१, इन्व्हर्टरचे स्वतःचे ४० मिळवून ५८०. बॅटरी वर्षागणिक उतरते, त्यासाठी वीस टक्के वाढवा: ७०० वॉट-अवर. सलग आउटपुट, फ्रिजच्या सुरुवातीच्या धक्क्यासाठी, १,००० वॉट. घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारं, म्हणजे प्युअर साइन वेव्हचंच स्टेशन घ्या, नाहीतर मोटर गुणगुणते आणि तापते.